डोळ्यातलं फूल आणि मोतीबिंदूतलं फूल

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातून आला आहे. विचारणाऱ्याचे वडील, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, ६८ वर्षांचे आहेत आणि अजून शेतात जातात. गावच्या नेत्रशिबिरात त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. डावा डोळा मात्र वयाच्या मानाने स्वच्छ. तपासणाऱ्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून बराच वेळ पाहिलं, हाताखालच्या मुलांना बोलावून दाखवलं आणि कागदावर लिहिलं, 'फुलाच्या आकाराचा मोतीबिंदू, मोठ्या रुग्णालयात दाखवावे.' बाकीच्यांना गाडीत बसवून ऑपरेशनला नेलं, अण्णांना घरी पाठवलं. तेव्हापासून आईंच्या मनाने घेतलंय की फूल पडलं म्हणजे डोळा गेला. डोळ्याला कधी लागलं होतं का, असं विचारलं तर अण्णा ठाम नाही म्हणतात. हे नेमकं काय आहे, गाठबिठ तर नाही ना, ऑपरेशन होईल का, आणि करायचं तर पेरणीआधी की सुगीनंतर, असं मुलाने विचारलंय.

आधी आईंची भीती बघू, कारण ती उगाच नाही. आपल्याकडे 'डोळ्यात फूल पडलं' हे शब्द फार जुने आहेत आणि त्यांचा अर्थ ठरलेला आहे: काळ्या बुबुळावर आलेला पांढरा डाग. ज्वारीचं पातं लागलं, पऱ्हाटीचं टोक घुसलं, लहानपणी देवी आल्या, जखम चिघळली आणि बरी होताना पांढरा व्रण ठेवून गेली, की ते फूल. ते समोरच्या पारदर्शक काचेवर असतं, समोर बसलेल्या माणसालाही दिसतं, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनने जात नाही. दाट असेल तर मरणोत्तर दान केलेल्या डोळ्याची काच बसवावी लागते. आईंनी गावात अशी माणसं नक्की पाहिली असणार.

अण्णांचं फूल ते नव्हे. ते बाहुलीच्या मागे, भिंगात आहे. आरशात दिसणार नाही, तुम्ही टॉर्च मारून पाहिलंत तरी बहुधा नुसती करडी झाक दिसेल. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये ते भिंगच काढतात, त्यामुळे फूलही त्याच्याबरोबर जातं. शब्द एकच, वस्तू दोन. आईंना हे आजच सांगा.

आणि शिबिरातल्या त्या डॉक्टरांनी अण्णांना टाळलं नाही, जपलं. त्यांनी लिहिलेलं ते एक वाक्य कसं आणि का महत्त्वाचं आहे, तेच आता सांगते.

आपल्या डोळ्यातलं भिंग साधारण ९ ते १० मिलिमीटर रुंद आणि मध्यावर ४ ते ५ मिलिमीटर जाड असतं, मसुरीच्या दाण्यासारखं दोन्हीकडून फुगीर. त्याच्याभोवती पातळ पारदर्शक पिशवी असते. मागच्या बाजूला ती मिलिमीटरच्या काही हजारांशाइतकीच जाड असते. आत कांद्यासारखे थर. हे थर लांबट तंतूंचे बनलेले असतात आणि नवे तंतू आयुष्यभर बाहेरून चढत राहतात. तंतूंची टोकं जिथे एकमेकांना भिडतात तिथे शिवण तयार होते. जन्माच्या वेळी ही शिवण तीन फाट्यांची असते, वय वाढतं तसे फाटे वाढतात आणि ती चांदणीसारखी दिसू लागते. एरवी ही शिवण कुणाला जाणवत नाही. पण डोळ्यावर बोथट मार बसला, म्हणजे डोळा फुटला नाही पण जोरात दाबला गेला, तर डोळा क्षणभर पुढूनमागून चेपतो आणि बाजूंनी फुगतो. भिंगाच्या पिशवीला हिसका बसतो, तंतूंच्या मध्ये पाणी शिरतं आणि ते शिवणीच्या वाटेनेच पसरतं. पाणी शिवणीच्या रेघांवर चालतं, म्हणून डाग ओबडधोबड न उमटता पाकळ्यांसारखा उमटतो.

स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या आमच्या तपासणीच्या दुर्बिणीखाली, हे पाहणं मी आजही विसरू शकत नाही. बाहुली मोठी करून प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून (रेटिनावरून) परतवला, की बाहुलीत शेंदरी-तांबडा उजेड भरतो, दिवेलागणीच्या आभाळासारखा. त्या उजेडावर मधोमध काळपट पाकळ्या उमटतात. मध्य घट्ट, पाकळ्या बाहेर जात विरळ. दुर्बिणीतून जरा मोठं करून पाहिलं तर प्रत्येक पाकळीच्या मधून एक शीर जाते आणि दोन्ही बाजूंना बारीक रेघा फुटलेल्या असतात, चिंचेच्या पाल्यासारख्या. उजेड बाजूने टाकला तर तेच फूल पांढुरकं होतं. आमच्या पुस्तकांत याला रोझेट मोतीबिंदू म्हणतात. बहुतेक वेळा ते भिंगाच्या मागच्या थरात, पिशवीच्या लगत असतं.

म्हातारपणाच्या नेहमीच्या मोतीबिंदूतही आकार दिसतात, म्हणून घोळ होऊ नये. त्यातला एक प्रकार बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा असतो. फरक असा की आऱ्या धावेकडून, म्हणजे कडेकडून, आत येतात आणि मध्य बराच काळ मोकळा राहतो. फूल मध्यातून उमलतं आणि कडा मोकळ्या ठेवतं. दुसरा फरक त्याहून मोठा आहे. वयाचा मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत थोडाफार मागेपुढे येतो. ६८ वर्षांच्या माणसाचा एक डोळा जवळजवळ स्वच्छ आणि दुसऱ्यात दाट मोतीबिंदू असेल, तर माझा पहिला प्रश्न कायम एकच असतो: याच डोळ्यात का? फुलाचा आकार नसता तरी मी हा प्रश्न सोडला नसता. आकाराने फक्त उत्तराकडे बोट दाखवलं आहे.

अण्णा 'काही लागलं नाही' म्हणतात ते खोटं बोलतात असं नाही. आपल्या माणसांच्या हिशेबात रक्त निघालं, टाके पडले तरच ते 'लागलं'. दोन दिवस डोळा लाल राहिला, हळदीचं बोट लावलं आणि तिसऱ्या दिवशी नांगर धरला, तर ते लागण्यात मोजतच नाहीत. म्हणून मी 'मार लागला होता का' असं विचारतच नाही. मी एकेक नाव घेऊन विचारते. लहानपणी विटी-दांडू खेळताना विटी? ज्वारीच्या राखणीला माळ्यावर गोफण फिरवताना दगड, स्वतःचा किंवा शेजारच्या शेतातून आलेला? बैलाचं शिंग? गाडीचं जू उसळून? लाकूड फोडताना ढलपी? विहीर खोदताना सुरुंगाचा खडा? शाळेत मास्तरांनी मारलेली थोबाडीत? किल्लारी भागातल्या माणसांना १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपात अंगावर काय पडलं होतं, हेही विचारते. चौथ्या-पाचव्या नावाला माणूस थांबतो, वर बघतो आणि म्हणतो, 'व्हय की, पर त्याला तर लई वर्सं झाली. कामून इचारता?'

वर्षं कितीही झाली असोत. हे फूल काही डोळ्यांत मारानंतर काही तासांत किंवा काही आठवड्यांत उमटतं, काहींत वर्षा-दोन वर्षांनी. काही जागच्या जागी दशकं राहतात आणि नजरेला फारसा त्रास देत नाहीत. मी वर म्हटलं की भिंगावर नवे थर चढत राहतात. त्यामुळे जुनं फूल हळूहळू आत गाडलं जातं आणि त्याच्या वर स्वच्छ थर दिसतो. फूल किती खोल आहे यावरून मार ताजा की जुना याचा अंदाज येतो. पुढे वयाचा मोतीबिंदू त्यात मिसळला, की नजर झपाट्याने उतरते आणि माणूस तेव्हा आमच्याकडे येतो.

इथे एक गोष्ट थोडी थांबून सांगायची आहे, कारण ती कुणी सांगत नाही. हेच फूल मी साठी-पासष्टीच्या बायकांच्या डोळ्यांतही पाहिलं आहे. त्या मुलाबरोबर, सुनेबरोबर, कधी नवऱ्याबरोबर येतात. विचारलं तर 'चुलीचं लाकूड लागलं होतं' किंवा 'गायीनं शेपटी मारली' असं उत्तर तयार असतं. गायीची शेपटी लागतेही, मी ते नाकारत नाही. पण अशा वेळी मी सोबतच्यांना चष्म्याचा नंबर काढायच्या निमित्ताने बाहेर बसवते आणि मग पुन्हा विचारते. एक आजी माझ्याकडे न बघता, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, 'बाई, आता ते बी ऱ्हायले नाहीत, कशाला सांगू.' त्यांच्या बाहुलीची कड दोन ठिकाणी फाटलेली होती आणि ती शेपटीने फाटत नाही. नव्याने काम सुरू केलेल्या डॉक्टरांनी हे वाचलं, तर एवढं करा: बाईला एकटीला विचारा, आणि उत्तर आलं नाही तरी मार बसलेल्या डोळ्याची तपासणी पूर्ण करा.

फूल स्वतः फार घातक नसतं, पण ज्या हिसक्याने ते उमटलं त्याने आसपास काय काय मोडलं असेल ते पाहावं लागतं. हे मी माझ्याच हातून शिकले. कामाला लागून थोडीच वर्षं झाली होती. एका तालुक्याच्या गावी शिबिर होतं, यादी मोठी होती. एका काकांचा डावा डोळा पूर्ण पांढरा, उजवा चांगला. एकाच डोळ्यात का, हे मी विचारलं नाही. भिंगाची पुढची पिशवी उघडली, आतला गर फिरवायला घेतला आणि अख्खं भिंग माझ्या डोळ्यांदेखत एका बाजूला कललं आणि मागे, डोळ्याच्या आतल्या भागात, बुडालं. मागचा जेलीसारखा द्राव पुढे आला. मी हात थांबवला, जखम बंद केली आणि त्यांना त्याच संध्याकाळी पडद्याच्या सर्जनकडे पाठवलं. दुसरं ऑपरेशन झालं, नजर काही प्रमाणात आली, पण जेवढी यायला हवी होती तेवढी नाही. आठवड्याने त्यांच्या घरच्यांनी सहज सांगितलं, तरुणपणी बैल बुजला आणि जू कपाळावर आपटलं होतं. ऑपरेशनच्या आधी हे कुणी लपवलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

काय झालं होतं ते समजून घ्या. भिंग डोळ्यात अधांतरी नसतं. चहूबाजूंनी बारीक बारीक दोऱ्यांनी ते ताणून धरलेलं असतं, बाजेची चौकट दोऱ्यांनी विणून ताणावी तसं. बोथट माराने त्यातल्या एका बाजूच्या काही दोऱ्या तुटतात. रिकामी बाज तशीच उभी असते, कुणाला काही कळत नाही. कुणी बसलं की ती एका अंगाला खचते. ऑपरेशन म्हणजे त्या बाजेवर बसणं आहे. यादी संपवायच्या घाईत, शाळेच्या खोलीत किंवा साध्या थिएटरमध्ये, हाताशी लागणारी साधनं नसताना अशा बाजेवर बसू नये. अण्णांना परत पाठवणाऱ्या डॉक्टरांनी ते ओळखलं.

तेव्हा मोठ्या रुग्णालयात गेल्यावर काय काय तपासलं जाईल, किंवा तपासलं गेलं पाहिजे, ते सांगते. बाहुली मोठी करायचे थेंब टाकायच्या आधी बाहुलीच बघतात. ती गोल आहे का, कड फाटली आहे का. मग टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर असा हलवतात. ही दहा सेकंदांची तपासणी मला लाखमोलाची वाटते. मोतीबिंदू कितीही दाट असला तरी तो बाहुलीला आळशी करत नाही. अण्णांच्या उजव्या डोळ्यावर टॉर्च आल्यावर बाहुली आकसायच्या ऐवजी सैल पडत असेल, तर नुकसान मोतीबिंदूच्या मागे, नसेत किंवा पडद्यात आहे. मग ऑपरेशननंतर नजर किती येईल याचं आश्वासन जपून द्यावं लागतं. त्यासोबतच अंधारात वर, खाली, डावीकडून, उजवीकडून उजेड दाखवून तो कुठून आला ते विचारतात. अण्णांना सांगून ठेवा, अंदाजाने उत्तर देऊ नका, दिसला तरच बोट करा.

स्लिट लॅम्पवर 'इकडे बघा, तिकडे बघा' असं चटकन सांगून डोळा थांबवतात आणि त्या क्षणी बुबुळाचा रंगीत भाग किंवा भिंग थरथरतं का ते पाहतात. दोऱ्या तुटल्या असतील तर विहिरीत पोहरा सोडल्यावर पाण्यावरचं पान हलावं तसं ते हलतं. डोळ्याचा दाब मोजतात. साधारण १० ते २१ (पाऱ्याचे मिलिमीटर) हा नेहमीचा दाब. पण आज दाब ठीक आला म्हणून काम संपत नाही. खास काच डोळ्याला लावून डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं तो कोपरा पाहतात. मारामुळे तो कोपरा मागे फाटलेला असेल, तर अशा डोळ्यात काचबिंदू मारानंतर दहा-वीस वर्षांनीही येऊ शकतो, न दुखता, गुपचूप. मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालं, चष्मा मिळाला, सगळे विसरले, आणि काही वर्षांनी नस वाळली, असं मी पाहिलं आहे. त्यामुळे अण्णांच्या उजव्या डोळ्याचा दाब वर्षातून एकदा, जन्मभर, तपासायचाच.

फुलामुळे मागचा पडदा दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी, बी-स्कॅन, करतात. मिटलेल्या पापणीवर जेली लावून, दुखत नाही. पडदा सुटला आहे का, भिंग जागेवर आहे का, हे त्यात कळतं. तुम्ही गाठ विचारलीत. फुलाचा आकार हे गाठीचं लक्षण नाही. पण क्वचित भिंगाच्या बाजूला दडलेली गाठ भिंगाला टेकून एकाच भागात मोतीबिंदू आणते. मागचं दिसत नसताना बी-स्कॅन न करता एका डोळ्याचा मोतीबिंदू काढू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याला ते एक कारण आहे.

सगळी फुलं माराचीच असं नाही. विजेचा मोठा धक्का बसलेल्या किंवा अंगाजवळ वीज पडलेल्या माणसालाही चांदणीच्या आकाराचा मोतीबिंदू होतो, तोही काही महिन्यांनी, कधी वर्षांनी. आपल्याकडे मोटारीचं स्टार्टर, तुटलेली तार आणि वळवाच्या पावसातली वीज हे तिन्ही आहे, म्हणून अण्णांना हेही विचारा. घणाने पहार ठोकताना, छिन्नी-हातोड्याचं काम करताना लोखंडाचा बारीक कण डोळ्यात घुसून बसतो, जखम कळतसुद्धा नाही. तो गंजत राहतो आणि भिंगावर तांबूस ठिपके उमटतात. असा संशय असेल तर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन, आणि एमआरआय मात्र मुळीच नको. त्यातला चुंबक कण हलवतो. तांब्याचा कण असेल तर सूर्यफुलासारखा आकार येतो. रंगीबेरंगी चमकणाऱ्या सुयांचा एक मोतीबिंदू असतो, दिसायला दिवाळीच्या झिरमिळ्यांसारखा. तो बहुधा नुसत्या वयाने येतो. भिंगाच्या मागच्या बाजूला मधोमध, कांद्याच्या चकतीसारखा गोल डाग असेल, तर तिथे पिशवी जन्मतःच कमजोर असू शकते आणि सर्जनला ते आधी माहीत असलं पाहिजे. हे सगळे आकार डॉक्टर बघून वेगळे ओळखतात, त्यात तुम्ही डोकं शिणवू नका. तुमचं काम हकीकत गोळा करण्याचं.

आता ऑपरेशन. होतं, आणि बहुतेकांचं चांगलं होतं. पण ते नेहमीच्या दहा मिनिटांच्या कामासारखं समजू नका. डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन भूल देतात. पिशवीला निळा रंग लावतात, म्हणजे ती नीट दिसते. दोऱ्या थोड्या तुटल्या असतील, घड्याळाच्या तबकडीवर तीन-चार तासांएवढ्या भागातल्या, तर पिशवीच्या आत एक बारीक कडी सरकवतात. ती पिशवीला आतून गोल ताणून धरते, खचणाऱ्या बाजेला नवी चौकट द्यावी तशी. त्याहून जास्त तुटल्या असतील तर टाक्याने शिवायची कडी लागते, किंवा पिशवीत भिंग न बसवता बुबुळाच्या रंगीत भागाला अडकवायचं किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागात आतून रोवायचं भिंग वापरतात. कधी हे दुसऱ्या वेळी करावं लागतं. सर्जनने 'पहिल्या दिवशी भिंग बसेलच असं नाही' असं सांगितलं, तर घाबरून डॉक्टर बदलू नका. असं सांगणारा माणूस तयारीचा आहे. तुम्ही एवढंच विचारा: कडी तुमच्याकडे आहे का, आणि गरज पडली तर पडद्याचे सर्जन त्याच इमारतीत आहेत का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर तिथे करा.

कृत्रिम भिंगाचा शोधही जखमी डोळ्यांतूनच लागला, हे मला नेहमी आठवतं. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचा फुटून प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले. इंग्लंडच्या हॅरॉल्ड रिडली यांनी पाहिलं की ते तुकडे डोळ्यात निमूट राहतात, डोळा चिडत नाही. त्यावरून १९४९ मध्ये त्यांनी माणसाच्या डोळ्यात पहिलं भिंग बसवलं.

कुठे जायचं? सेलूहून तुम्हाला नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी, म्हणजे तिथलं शासकीय रुग्णालय, दोन्ही रेल्वेने जवळ. सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूचं ऑपरेशन राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून होतं, तो १९७६ पासून चालू आहे. खाजगी किंवा धर्मादाय नेत्र रुग्णालयात गेलात तर कडीचा आणि वेगळ्या भिंगाचा खर्च धरून आकडा आधी लिहून मागा.

'पिकू द्या, मग काढू' हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते जुन्या काळचं शहाणपण होतं, तेव्हा भिंग अख्खं बाहेर काढायचे. आज पिकलेलं, कडक झालेलं भिंग फोडायला जास्त जोर लागतो आणि तो जोर त्याच तुटक्या दोऱ्यांवर येतो. शिवाय ते पूर्ण पांढरं झालं की पडदा दिसतच नाही. उलट, डावा डोळा चांगला आहे आणि अण्णांची कामं अडत नाहीत, तर आठवड्याभरात धावपळ करायचीही गरज नाही. तपासणी मात्र या महिन्यात. डोळा अचानक दुखून लाल झाला, त्या बाजूचं डोकं ठणकलं, उलटी झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, किंवा नजरेसमोर पडदा ओढल्यासारखं, वीज चमकल्यासारखं झालं, तर मात्र त्याच दिवशी निघायचं. रात्र असली तरी.

तोवर डोळ्यात काही घालू नका. मध नको, पानांचा रस नको, मोतीबिंदू विरघळवणारे म्हणून विकले जाणारे थेंब नकोत. असं सिद्ध झालेलं एकही औषध आज नाही. रस घालून बुबुळावर बुरशीची जखम घेऊन आलेली माणसं आम्ही दर हंगामात पाहतो. आईंना ज्या फुलाची भीती आहे ते फूल नेमकं त्याच जखमेतून पडतं.

नजर किती येईल? पडद्याचा मधला भाग आणि नस शाबूत असेल, तर छान येते. माराने तिथे जुना व्रण असेल, तर ऑपरेशन उत्तम होऊनही मध्ये धूसर राहील. ते सर्जनचं अपयश नसतं आणि अण्णांचं नशीबही नसतं, तो त्या जुन्या माराचा उरलेला भाग असतो. हे आधी घरात बोलून ठेवा. ऑपरेशननंतर पडदा स्वच्छ दिसू लागला की बाहुली मोठी करून त्याच्या कडा पुन्हा एकदा तपासून घ्या. मारामुळे कडेला पडलेली चीर कधी कधी तेव्हाच पहिल्यांदा दिसते.

पेरणीचं विचारलंत. ऑपरेशननंतर महिनाभर धूळ, वाकून ओझं उचलणं, डोक्यावरून पाणी घेणं आणि शेणामातीत हात घालून तोच हात डोळ्याला लावणं, हे सगळं बंद. थेंब महिना-दीड महिना, घड्याळाप्रमाणे. जूनमध्ये पावसाने हाक दिली की अण्णा घरात बसणार नाहीत, हे मला न बघता माहीत आहे. तेव्हा एक तर एप्रिलअखेर करून टाका, नाहीतर सोयाबीनची रास घरात आल्यावर, दिवाळीनंतर. उन्हाळ्यात ऑपरेशन बिघडतं हा समज आहे, थिएटर आत गारच असतं. आणि पुढे शेतात जाताना साधा प्लॅस्टिकचा गॉगल लावायला शिकवा, विशेषतः ऊस, तूर, कडबा हाताळताना. डावा डोळाही आता तितकाच जपायचा आहे.

जाताना शिबिराचा तो कागद न्या, जुना चष्मा न्या, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्या पाकिटांसकट न्या. आणि जायच्या आधी अण्णांची थोरली बहीण हयात असेल, तर आत्यांना फोन लावा. लहानपणी अण्णांच्या उजव्या डोळ्याला काय झालं होतं, असं सरळ विचारा. अण्णांना आठवत नसेल, पण ज्या बहिणीने तेव्हा ओल्या पदराने डोळा शेकला असेल, तिला ते आठवत असतं.